वाट पाहणारं काम

महाळुंगे पडवळ हे आंबेगाव तालुक्यातलं गाव पुणे-नाशिक महामार्गापासून थोडं आत आहे. बाबू गेनू सैद या गावचा. १९०८ साली इथल्या एका गरीब शेतकरी घरात तो जन्मला. वडील लवकर गेले, शेतीत पोट भरेना, तेव्हा जुन्नर-आंबेगावातली कितीतरी घरं ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं हेही घर मुंबईच्या गिरणीकडे गेलं. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू तिच्या चाकाखाली आला. वय बावीस. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचं नाव आहे.

त्याच्यावरच्या भाषणांत एक गोष्ट ओझरती येते आणि निघून जाते, ती म्हणजे त्याचं शिक्षण फारसं झालं नव्हतं. मी तिथेच अडतो. शाळेनं ज्याला धरून ठेवलं नाही, त्याला बाविसाव्या वर्षी असं एक काम दिसलं की ते आपणच करायला हवं, आत्ता, इथे. हुतात्म्याच्या मरणाची शाळेतल्या कामाशी बरोबरी करावी असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण कुणाला तरी आपली गरज आहे हे कळलं की माणूस किती जागा होतो, एवढं त्या एका आयुष्यातून दिसतं. ते जागं होणं बारा-चौदा वर्षांच्या पोराच्या वाट्याला शाळेतच येऊ शकेल का, हा प्रश्न या भागात आणि एकूण महाराष्ट्रात बराच जुना आहे. या लेखात त्याच प्रश्नाचा माग काढायचा आहे.

आधी ते पोर पाहू. सातवी-आठवीचा कुठलाही वर्ग घ्या. मागच्या भिंतीला टेकून बसलेला एक मुलगा असतोच. वर्गात तो खिडकीबाहेर बघतो, वही अर्धी कोरी, टोमॅटोच्या तोड्याच्या दिवसांत आठवडाभर गैरहजर. सर विचारतात तेव्हा मान खाली. तोच मुलगा संध्याकाळी मळ्यात असतो. ठिबकची नळी कुठे तुंबली ते बोटानं चाचपून सांगतो, रात्रीची लाइट आली की अंधारात मोटर चालू करून येतो, स्टार्टरनं दगा दिला तर वायरमनची वाट न बघता काय बिघडलं ते ओळखतो. घरच्यांनाच काय, शेजारच्या चार मळेकऱ्यांना तो लागतो. शाळेत मात्र त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. मुलींच्या बाबतीत हे आणखी टोकाचं, कारण धाकटी भावंडं, दूध, चूल, सगळं तिच्यावर. आणि शाळेत तिचं नाव फक्त हजेरीत. अशा मुलांना आपण ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणतो. लक्ष त्यांच्याकडे भरपूर असतं. ते जिथे लागतं ती जागा शाळेच्या कुंपणाबाहेर असते.

हे कुंपण कुणाच्या डोळ्यात पहिल्यांदा खुपलं ते नक्की सांगणं अवघड. मला सापडणारी पहिली ठसठशीत खूण मात्र पुण्यातलीच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात खेड्यातल्या शाळेत काय शिकवावं याची यादी आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, आरोग्य आणि नीतीचे काही धडे, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. या शेतीच्या धड्यांना जोडून शाळेला एक लहानसं नमुन्याचं शेत असावं, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष शिकता येईल, असं जोतीरावांनी सुचवलं. खेड्यातल्या शाळेतले विषय शहरापेक्षा थोडे असले तरी चालतील, पण व्यवहाराशी त्यांचं नातं कमी असता कामा नये, हा त्यांचा आग्रह. कुणब्याचं पोर शाळेत का टिकत नाही याचा विचार त्यांनी पोरावर ठपका न ठेवता केला. पुढच्या वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही ही काळजी आहे. सरकारनं त्या यादीतलं वाचन-लेखन घेतलं. शेत कागदावर राहिलं.

मधली एक कडी पुणे जिल्ह्यातच तळेगावला आहे. विष्णु गोविंद विजापूरकरांनी कोल्हापुरात काढलेलं समर्थ विद्यालय पुढे तळेगावात आलं. पुस्तकाबरोबर हातानं काही घडवायला शिकवणारी ही राष्ट्रीय शाळा सरकारला खपली नाही आणि १९१० मध्ये ती बंद करण्यात आली. त्याच तळेगावात अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसाफंडातून, म्हणजे लोकांकडून एकेक पैसा गोळा करून, १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. स्वदेशीचा जो धागा पुढे काळबादेवीच्या रस्त्यावर पोचला, तो अशा शाळा-कारखान्यांतूनही गेलेला आहे.

मग वर्धा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला तिथे शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडलेली कल्पना आज आपल्याला पाठ आहे म्हणून तिचा धक्का जाणवत नाही. सात ते चौदा वर्षांच्या मुलाचं सगळं शिक्षण एका हस्तोद्योगाभोवती बांधायचं; टकळीवर सूत काततानाच गणित, भूगोल, भाषा शिकायची. याला पुढे नाव पडलं नई तालीम, आणि आपल्याकडे बुनियादी किंवा मूलोद्योग शिक्षण. झाकिर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम तयार केला, १९३८ मध्ये हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनानं तो मान्य केला, आणि सेवाग्रामात आर्यनायकम् दांपत्यानं शाळा उभी केली. तिथल्या मुलांच्या दिवसात सफाई होती, शेत होतं, सूत होतं, आणि सामुदायिक स्वयंपाकघर होतं. त्या स्वयंपाकघराचा मला फार मोह आहे. इतक्या माणसांना किती धान्य लागेल, भाजी किती, उरलं किती, वाया किती गेलं, हा हिशेब चुकला तर पोटाला चिमटा बसतो. त्रैराशिक शिकायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

वर्ध्याच्या परिषदेत सगळ्यांनी माना डोलावल्या असं मात्र झालं नाही, आणि ते बरं झालं. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शिक्षकाचा पगार निघावा, हा गांधीजींच्या मांडणीतला एक मुद्दा होता. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा त्यावर उभे राहिले. शाळा अशा कमाईवर चालू लागली तर मुलं मजूर होतील, ही त्यांची भीती. ही भीती खोटी नव्हती आणि आजही नाही. टोमॅटोच्या तोड्याला शाळा बुडवून जाणारा मुलगाही कामच करतो, पण त्याला आपण सेवा किंवा शिक्षण म्हणणार नाही. काम मुलाच्या हातात का दिलं, त्यातून त्याला काय कळलं, आणि नको वाटलं तर त्याला थांबता येतं का, हे विचारल्याशिवाय नुसत्या ‘हातानं काम’ या शब्दांचं कौतुक करू नये.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बुनियादी शाळांचा प्रसार झाला. आजही महाराष्ट्रातल्या जुन्या प्राथमिक शाळांच्या पाट्यांवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ अशी अक्षरं दिसतात, ती त्या काळाची खूण. ज्यांचं बालपण त्या शाळांत गेलं त्यांना टकळी, पेळू आणि लडी आठवतात. पण गावातल्या किती जणांना ते सूत हवं होतं? गिरणीचं कापड स्वस्त मिळत होतं. मुलांनी काढलेलं जाडंभरडं, तुटकं सूत शाळेच्या कपाटात पडून राहू लागलं. तपासणीला साहेब आले की लड्या बाहेर निघत. माझ्या मते नई तालीम तिथे हरली. हस्तोद्योग चुकीचा होता असं नाही. त्या वस्तूची वाट पाहणारं दुसऱ्या टोकाला कुणी उरलं नाही. मुलाला हे लगेच कळतं. आपण केलेलं कुणाला नकोच आहे हे कळलं की त्याचा हात मंदावतो, मग नजर खिडकीबाहेर जाते.

दुसरी एक अडचण याहून खोल आहे. आपल्या देशात हाताचं काम जातीनं वाटलेलं. मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरी वडिलांचा धंदा अशी योजना आणली. पेरियार आणि इतरांनी तिला कडाडून विरोध केला, कारण वडिलांचा धंदा म्हणजे जात. मुलगा फिरून तिथेच. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर योजना मागे घेतली गेली. आपल्या गावांतही झाडू कुणाच्या हातात जातो, पाणी कोण भरतं, स्वयंपाक कोण करतं, याचे न लिहिलेले नियम शाळेच्या दारातून आत येतात. म्हणून सेवेचं काम शाळेत आणताना पहिला नियम हाच हवा: सगळ्यांनी सगळं करायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांना हे फार लवकर उमगलं होतं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाल्यानंतर साताऱ्यातल्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र रांधून एकत्र जेवली, आणि शेतात एकत्र राबली. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज जाहिरातीत येतात. तेव्हा त्यात एका ताटात जेवण्याचं धाडस होतं.

पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वेगळंच काही घडत होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं घेऊन रानात असत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली, आणि बाई शिकवतायत: ही कुरणशाळा. मुलाच्या वाट्याला आलेलं काम आणि शाळा यांत भांडण लावायचं नाही, कामाच्या जागीच शाळा मांडायची, हे कोसबाडनं करून दाखवलं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात हिरड्याच्या दिवसांत पोरं घरच्यांबरोबर रानात जातात, तेव्हा मला कोसबाड आठवतं.

सरकारी कागदांत हा विचार कसा वाहत गेला ते थोडक्यात सांगतो, कारण तिथे फारसं काही घडलं नाही. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात कामाचा अनुभव शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला; या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं त्याचं नाव समाजोपयोगी उत्पादक कार्य असं केलं. नाव लांबलं, पण त्यात ‘समाजोपयोगी’ हा शब्द आला ही मोठी गोष्ट. आपल्याकडे वर्गात तो पोचला ‘कार्यानुभव’ म्हणून. माझ्या पिढीचा कार्यानुभव म्हणजे कागदी फुलं, काड्यापेटीच्या काड्यांचं घर, आणि वर्षाच्या शेवटी चिकटवहीवर सरांची सही. एका वर्षी मी खडूचा साचा वापरून खडू करायला शिकलो. ते खडू आमच्याच वर्गात फळ्यावर वापरले गेले, आणि चार दिवस मी फळ्याकडे वेगळ्या नजरेनं बघत होतो. बाकीची फुलं कुठे गेली मला आठवत नाही. खडू आठवतात.

अमेरिकेत १९६० च्या दशकात शिकण्याला समाजाच्या कामाशी जोडण्याच्या या पद्धतीला ‘सर्व्हिस लर्निंग’ असं नाव मिळालं. तिकडच्या शाळांत रुळलेल्या या कल्पनेचा गाभा असा, की काम करायचं, ते खऱ्या माणसाच्या खऱ्या गरजेचं असायचं, आणि नंतर बसून आपण काय शिकलो याचा विचार करायचा. आपल्या श्रमदानात पहिल्या दोन गोष्टी असत, तिसरी बहुधा नसे. रस्ता झाडला, गाणं म्हटलं, घरी गेलो. रस्त्यावर कचरा कुठून येतो, गटार इथेच का तुंबतं, उतार किती हवा होता, हे कुणी विचारलं नाही. शोषखड्डा खणणाऱ्या मुलाला मातीत पाणी किती वेगानं मुरतं ते मोजू द्यावं, तर त्याच कुदळीत विज्ञान असतं.

आता पाबळ. या सगळ्या मागोव्याचं माझ्या दृष्टीनं सगळ्यात श्रीमंत ठिकाण हेच. आंबेगावच्या आग्नेयेला शिरूर तालुक्यातलं हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे लोकांना ठाऊक. पाऊस कमी, जमीन हलकी. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग इथे राहायला आले. इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., म्हैसूरच्या अन्न-तंत्रज्ञान संस्थेतला अनुभव, मग मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली वरची जागा. हे सगळं मागे ठेवून ते पत्नी मीराताईंसह आले. पाबळ निवडलं ते मुद्दाम. सोयी नाहीत, पाणी नाही, म्हणजे इथे जमलं तर कुठेही जमेल. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. ही संस्था त्याच जे. पी. नाईकांनी उभारलेली, आणि शिक्षणतज्ज्ञ चित्राताई नाईक तेव्हा तिथेच होत्या. नऊ ते चौदा वयाच्या, दिवसा कामात असणाऱ्या मुलामुलींसाठी ग्रामीण पुणे जिल्ह्यात संध्याकाळचे वर्ग चालवण्याचा मोठा प्रयोग चित्राताईंनी याच काळात केला. म्हणजे शाळेबाहेर राहिलेल्या पोराचा विचार एकाच संस्थेत दोन वाटांनी चालला होता: एका वाटेनं शाळा संध्याकाळकडे सरकली, दुसरीनं ती वर्कशॉपमध्ये शिरली.

कलबागांचं निरीक्षण साधं होतं. शाळेत नापास झालेली मुलं हुशार असतात. मूल चालायला, बोलायला, सायकल चालवायला शिकतं ते हात आणि डोकं एकदम वापरून. शाळा मात्र हात बांधून ठेवते आणि मग डोकं चालत नाही म्हणून तक्रार करते. आश्रमातल्या एका वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमाला आठवी नापास मुलंही येत. वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, सुतारकाम, माती परीक्षण, कोंबड्या आणि गुरांची निगा, अन्नप्रक्रिया, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं: हे सगळं सगळ्यांनी. मुलींनी वेल्डिंगचा दांडा धरायचा, मुलांनी चुलीजवळ उभं राहायचं. आश्रमाच्या कितीतरी इमारती या मुलांनीच बांधल्या.

पुढे तेच आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावानं शाळांत गेलं आणि माध्यमिक शिक्षण मंडळानं त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. शाळेतल्या मंडळींच्या बोलण्यात तो ‘आयबीटी’. आठवड्यातला एक दिवस त्याचा. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. शिकवणारे बऱ्याचदा गावातलेच कारागीर, ज्यांचा स्वतःचा धंदा चालतो. आणि मुलं जे शिकली ते गावाला सेवा म्हणून द्यायचं, शक्य तिथे माफक पैसे घेऊन. कुणाच्या घरची वायरिंग, कुणाच्या शेताची माती, कुणाच्या अंगणातला शोषखड्डा.

हे ‘पैसे घेऊन’ मी मुद्दाम ठळक करतो. वर्ध्यात ज्या मुद्द्यावर वाद पेटला तोच इथे वेगळ्या रूपात परत आला, आणि या वेळी गाठ सुटली असं मला वाटतं. मुलांच्या कमाईवर शाळा चालवायची नव्हती. पैसे हे कामाच्या खरेपणाचं माप होतं. शेजारच्या काकांनी ग्रिलच्या जोडकामाचे पैसे दिले म्हणजे त्यांना ते ग्रिल हवं होतं. जोड कच्चा राहिला तर ते परत आणतील, चार शब्द सुनावतील. बाजारातल्या माणसाची ती तक्रार वर्गातल्या लाल शाईपेक्षा कितीतरी स्वच्छ असते, कारण तिच्यात मुलाची लायकी काढलेली नसते, जोड कच्चा आहे एवढंच सांगितलेलं असतं. मूल जाऊन तो जोड पुन्हा करतं. टकळीच्या सुताला न मिळालेलं गिऱ्हाईक पाबळनं असं गावातच शोधलं.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आश्रमाच्या घुमटाकार घरांची खूप चर्चा झाली. त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभा राहणारा हा पाबळ डोम भूकंपात टिकाव धरतो आणि साध्या कारागिराला बांधता येतो. कोनाचं माप चुकलं तर शेवटचा त्रिकोण बसतच नाही. भूमितीची ती परीक्षा हातोड्याच्या आवाजात होते. जीपचे सुटे भाग वापरून केलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टरही इथलाच. जमिनीतलं पाणी शोधण्यासाठी विजेचा रोध मोजण्याचं यंत्र घेऊन आश्रमातली मुलं शेतकऱ्यांच्या बांधावर जात. बोअरवर पैसे घालायचे की नाही हा निर्णय शेतकऱ्यानं त्या मापांवर घ्यायचा. नारळ आणि कडुनिंबाची फांदी घेऊन पाणी सांगणारा माणूस ज्या बांधावर उभा राहायचा, त्याच बांधावर शाळेनं सोडून दिलेला मुलगा ओमचा नियम वापरत उभा राहिला. या मागोव्यातलं हे चित्र मला सगळ्यात जास्त आवडतं.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गेर्शनफेल्ड पाबळशी जोडले गेले. संगणकावर काढलेलं चित्र थेट यंत्रानं कापून वस्तू तयार करणारी ‘फॅब लॅब’ त्यांनी आपल्या संस्थेबाहेर जिथे सगळ्यात आधी नेली, त्या जागांत पाबळ आहे. आज जगभर अशा प्रयोगशाळा पसरल्यात, त्या वंशावळीत शिरूर तालुक्यातलं एक कोरडं गाव मुळाशी आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. तिथे हाताळलेले प्रश्न पाहा: दुधाची प्रत कशी मोजावी, डिझेल इंजिनाची वेळ कशी जुळवावी. यंत्र एमआयटीतून आलं, प्रश्न दूध डेअरीवरून आणि गॅरेजमधून आले. तंत्रज्ञान शाळेत आणायचं तर याच क्रमानं आणावं. आधी प्रश्न, मग यंत्र. संगणकाची खोली आधी बांधली आणि तिचं करायचं काय हे नंतर शोधलं, तर त्या खोलीला कुलूप लागतं. अशी कुलपं मी पाहिली आहेत. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रमाचं काम चालू राहिलं आणि लेंड अ हँड इंडियासारख्या संस्थेनं त्याच धर्तीवर हे काम अनेक शाळांत नेलं.

महाळुंग्याच्या उत्तरेला, जुन्नर तालुक्यात खोडदला दुसरं टोक आहे. गोविंद स्वरूपांनी उभारलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, तिथे आणि आसपास कांद्या-उसाच्या शेतांमध्ये उभ्या आहेत. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त तिथे लोकांना दारं उघडी असतात आणि शाळांची विज्ञान प्रदर्शनं लागतात. मुलं पुठ्ठ्याच्या, थर्माकोलच्या, मोटरींच्या प्रतिकृती घेऊन येतात. त्यांच्या डोळ्यांतला उत्साह खरा असतो. पण प्रदर्शन संपलं की बहुतेक प्रतिकृती घरी जातात आणि माळ्यावर पडतात, टकळीच्या लड्यांसारख्याच. त्यातलीच एखादी गावात लागली तर? टोमॅटोवर करपा येण्याआधी पानावर ओल किती तास राहिली हे सांगणारं साधं उपकरण. रात्री पाणी धरायला जाणाऱ्या माणसासाठी, बिबट्याच्या या मुलखात, मोबाइलवरून मोटर चालू-बंद करायची सोय. ती बाजारात विकत मिळते, पण बिघडल्यावर गावात दुरुस्त करणारं कुणी असतंच असं नाही. मागच्या भिंतीला टेकलेल्या त्या मुलाला हे शिकायचंय. त्याला कुणी विचारलेलं नाही एवढंच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ मुलांनी शिकावं असा हेतू. दहा दिवस म्हणजे पाबळच्या दर आठवड्याच्या दिवसापुढे थोडेच. तरी दार उघडलं आहे. माझी भीती जुनीच: हे दहा दिवस सहलीत, फोटोंत आणि अहवालात जातील, आणि अहवालाच्या शेवटी पुन्हा एक सही असेल.

म्हणून महाळुंगे पडवळसारख्या गावात सुरुवात शाळेतून न होता ग्रामसभेतून व्हावी असं मला वाटतं. वर्ष सुरू होताना गावानं शाळेला यादी द्यावी: आपलं काय काय अडलंय. कुठल्या वाडीतला नळ गळतो आणि रोज किती हंडे वाया जातात. कुणाच्या म्हाताऱ्या आईला औषधाच्या गोळ्यांचे रंग ओळखता येत नाहीत. सोसायटीच्या कोणत्या शेतकऱ्याला मातीचा अहवाल मिळाला पण त्यातला आकडा समजला नाही. दूध घालायला येणाऱ्या कुणाला फॅटच्या मापाबद्दल शंका आहे. बाबू गेनूच्या स्मारकाभोवतीच्या झाडांना उन्हाळ्यात पाणी कोण देणार. यादीवर प्रत्येक कामापुढे वाट पाहणाऱ्या माणसाचं नाव हवं, खात्याचं नको. मग वर्गात ती वाचून दाखवावी आणि कोण काय घेतं ते विचारावं. गळत्या नळाचं काम कोण उचलणार, ते साधारण ठाऊक आहे. मागून हात वर येईल. मग त्याला पाना द्यावा, बादली द्यावी, एक घड्याळ द्यावं, आणि मिनिटाला किती पाणी जातं ते वहीत लिहून आणायला सांगावं.